फिस्टुला सारखा बंद पडतोय किंवा तयारच होत नाहीये? दुसऱ्या ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी हे बघा

"आईचा फिस्टुला दोनदा केला, दोन्ही वेळा फेल गेला, डॉक्टर म्हणतात नसाच बारीक आहेत, आता तिसऱ्यांदा करायचा का?" फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून हातात केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी. डायलिसिस युनिटमध्ये काम करताना नातेवाइकांकडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की एकदा सगळं नीट लिहून काढावं असं वाटलं. मी टेक्निशियन आहे, सर्जन नाही, त्यामुळे ऑपरेशन कसं करावं हे मी सांगणार नाही. पण झालेले फिस्टुले रोज हाताखालून जातात, कुठला चालेल आणि कुठला त्रास देईल हे बोट ठेवलं की कळायला लागतं, आणि त्यावरून माझं ठाम मत आहे की "नसा बारीक आहेत" एवढ्यावर विषय संपवू नका. फिस्टुला फेल होण्यामागे बहुतेक वेळा शोधलं तर सापडेल असं कारण असतं. ते न शोधता दुसऱ्या हातावर तेच ऑपरेशन केलं तर परत तेच होण्याची भीती असते, आणि माणसाला हात दोनच, त्यातही चांगल्या जागा मोजक्याच.

आधी मूळ गोष्ट थोडक्यात. फिस्टुल्यात धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, त्यामुळे हृदयाकडून जोरात येणारं रक्त थेट शिरेत शिरतं, शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि मग तिच्यात आठवड्यातून दोन-तीनदा जाड सुया टोचता येतात. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत पहिल्यांदा छापून आणली आणि चांगला तयार झालेला फिस्टुला आजही कॅथेटरपेक्षा (मोठ्या शिरेत टाकलेल्या नळीपेक्षा) कितीतरी सुरक्षित. मनगटातल्या धमनीतून एरवी मिनिटाला २०-३० मिली रक्त वाहतं, जोडणी केल्याबरोबर ते २०० च्या आसपास जातं आणि तयार फिस्टुल्यात ६०० किंवा त्याहून जास्त. म्हणजे शिरेला तर रुंद व्हायचंच असतं, पण धमनीलाही व्हायचं असतं, आणि हे लोकांच्या लक्षात येत नाही. वर्षानुवर्षं डायबेटिस असलेल्या माणसाच्या धमनीत कॅल्शियम बसून ती कडक झालेली असते, ती रुंदावत नाही, मग शीर कितीही चांगली असू दे. वय जास्त, सिगारेट-बिडी, पायाच्या रक्तवाहिन्या आधीच खराब, हृदयाचं पंपिंग कमी, या सगळ्यांचा परिणाम इथेच होतो. बायकांमध्ये फिस्टुला तयार न होण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. पण यातलं काही असलं म्हणजे फिस्टुला होणारच नाही असं नाही, जागा आणि तयारी जास्त विचार करून ठरवावी लागते एवढंच.

आता पहिला प्रश्न: नेमका कधी बंद पडला?

हे आधी ठरवा कारण पुढचं सगळं यावर आहे. पहिल्या काही दिवसांतच थ्रिल गेला, म्हणजे हात ठेवल्यावर जी थरथर लागते ती थांबली, हा एक प्रकार. थ्रिल आहे पण दोन महिने झाले तरी शीर वर येत नाही, सुई लागत नाही, हा दुसरा. आणि महिनोन्‌महिने छान चालला आणि आता मशीनवर अलार्म वाजतात किंवा एका सकाळी उठून बघतो तर बंद, हा तिसरा. तिन्हींना लोक एकच शब्द वापरतात, "फेल गेला", आणि तिथेच गोंधळ होतो. डॉक्टरकडे जाताना तारखा लिहून न्या, ऑपरेशन कधी, थ्रिल शेवटचा कधी लागला, त्या दिवशी बीपी किती होतं, जुलाब-उलट्या-ताप काही होतं का.

पहिल्या काही दिवसांतच गेला असेल तर

इथे बहुतेक कारणं ऑपरेशनच्या आधीची किंवा त्या दिवसाची असतात. पहिलं विचारा, ऑपरेशनआधी दोन्ही हातांचा डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करून नसांचं मॅपिंग केलं होतं का? दंडाला पट्टा बांधून शीर किती मिलिमीटर भरते, धमनी किती आहे, कॅल्शियम आहे का, शीर वरपर्यंत सलग मोकळी आहे का, हे सगळं त्यात कळतं. साधारण धमनी २ मिमी आणि शीर २ ते २.५ मिमी तरी असावी असं धरतात, त्यापेक्षा कमी असेल तर करूच नये असा नियम नाही, पण मग मनगटाऐवजी कोपरापाशी करायचा का याचा विचार आधीच करता येतो. नुसतं डोळ्यांनी बघून "शीर दिसतेय" म्हणून केलेल्या फिस्टुल्यात एक धोका असतो, वर दंडात ती शीर आधीच बंद असली तर बाहेरून काहीच कळत नाही.

आणि ती बंद का असते? आपल्याकडे अशक्तपणा आला की "एक सलाईन लावा" ही सवय घरोघरी आहे, गावातल्या दवाखान्यात तर रोजचंच. प्रत्येक सलाईन, प्रत्येक इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत ठेवतात ती प्लास्टिकची नळी) त्या शिरेच्या आत थोडी जखम करते, तिथे गुठळी होते, शीर आक्रसते, आणि त्यात मनगटापासून वर जाणारी अंगठ्याच्या बाजूची शीर ही सलाईनवाल्यांची आवडती आणि फिस्टुल्यासाठीही सगळ्यात चांगली. म्हणून ज्यांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम किती चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढलेलं आहे, डायलिसिस अजून सुरू झालेलं नाही, त्यांच्या घरच्यांना हात जोडून सांगतो, आजपासून एक हात राखून ठेवा. डावखुरे नसाल तर डावा. त्या हातातून रक्त काढायचं नाही, सलाईन नाही, आणि दुसऱ्या हातालाही शक्यतो पंजाच्या मागच्या बाजूलाच टोचायचं. कंपाउंडर ऐकत नसेल तर पेनाने हातावर लिहून ठेवा, पण राखा.

दुसरं, घाई. आपल्याकडे खूप जणांचं डायलिसिस इमर्जन्सीत सुरू होतं, दम लागलेला, अंगावर सूज, पोटॅशियम वाढलेलं, मग मानेत कॅथेटर टाकून सुरुवात. तो टाकावाच लागतो त्या वेळी, जीव वाचतो. पण फिस्टुला करायला हवा होता आधीच, किडनीचं काम १५-२० टक्क्यांवर येऊन उतरतंय असं दिसल्यावर, म्हणजे तयार व्हायला वेळ मिळतो आणि एखादा नाही जमला तर दुसऱ्याला वाव राहतो. कॅथेटर मानेतला असेल तर एकवेळ ठीक, गळ्याच्या हाडाखालच्या शिरेत टाकला असेल तर त्या बाजूची छातीतली मोठी शीर पुढे आक्रसण्याचा धोका बराच जास्त, आणि मग त्याच बाजूच्या हाताला फिस्टुला केला की हात सुजतो. पेसमेकर ज्या बाजूला आहे तिथेही हेच. सर्जनला हे आपणहून सांगा, फाइलमध्ये असेलच असं गृहीत धरू नका.

तिसरं म्हणजे भूल आणि सर्जनचा हात. २०१६ साली ग्लासगोमधला एक अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, १२६ रुग्ण, अर्ध्यांना फक्त जागेवर सुन्न करून आणि अर्ध्यांना अख्खा हात बधिर करणारा ब्लॉक देऊन फिस्टुला केला, तीन महिन्यांनी जागेवरच्या भुलीवाल्यांत ६२ टक्के चालू होते आणि ब्लॉकवाल्यांत ८४ टक्के. ब्लॉकने हाताच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रुंद होतात, सुरुवातीचा प्रवाह चांगला मिळतो. सगळीकडे भूलतज्ज्ञ मिळेलच असं नाही पण विचारायला काय हरकत आहे, विशेषतः एकदा फेल गेल्यावर. सर्जनच्या अनुभवाचं म्हणाल तर बऱ्याच देशांतल्या डायलिसिस रुग्णांवरच्या एका मोठ्या अभ्यासात (२००८) असं निघालं की शिकत असताना ज्यांनी २५ किंवा जास्त फिस्टुले केले होते त्यांचे फिस्टुले फेल जाण्याचा धोका ३४ टक्के कमी होता. "डॉक्टर, तुम्ही हे ऑपरेशन नेहमी करता का?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

आणि त्या दिवशीच्या साध्या गोष्टी: बँडेज हाताभोवती आवळून गुंडाळलं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डायलिसिसमध्ये जास्त पाणी काढलं, बीपी ९० पर्यंत उतरलं, रात्री हातावर झोपले. नवीन फिस्टुल्याला एवढं पुरतं.

थ्रिल आहे पण तयार होत नाही

यावर जरा जास्त लिहितो कारण वाचवता येण्यासारखे सगळ्यात जास्त फिस्टुले इथे असतात आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. "बॉल दाबत राहा, होईल" असं सांगून तीन-तीन, चार-चार महिने काढलेली माणसं मी बघितली आहेत, तोपर्यंत मानेत कॅथेटर, त्याला इन्फेक्शन, थंडी-ताप, परत ॲडमिट.

बॉल दाबा, व्यायामाने थोडी मदत होते, नुकसान नाही. पण शीर जी काही वाढायची ती बरीचशी पहिल्या महिन्यातच वाढते. अमेरिकेतल्या २००२ च्या एका अभ्यासात दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या महिन्यातली मापं घेतली तर फारसा फरक नव्हता. त्याच अभ्यासात असं दिसलं की शीर ४ मिमी आणि प्रवाह मिनिटाला ५०० मिली असेल तर ९५ टक्के फिस्टुले कामी आले, दोन्ही नसेल तर ३३ टक्केच. आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, अनुभवी डायलिसिस नर्सनी नुसतं हाताने तपासून सांगितलेला अंदाज ८० टक्के बरोबर निघाला. म्हणून चौथ्या ते सहाव्या आठवड्यात तुमच्या युनिटमधल्या जुन्या सिस्टरना किंवा टेक्निशियनला फिस्टुला दाखवा, आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली तर लगेच डॉपलर करा, वाट बघू नका. लक्षात ठेवायला सहाचा नियम आहे: सहा आठवड्यांनी शीर ६ मिमी रुंद, कातडीपासून ६ मिमीपेक्षा खोल नको, प्रवाह मिनिटाला ६०० मिली.

डॉपलरमध्ये साधारण तीन गोष्टी सापडतात. पहिली आणि नेहमीची, जोडणीच्या लगेच पुढे शीर अरुंद झालेली. बोटाने कळते, जोडावर उड्या मारल्यासारखं लागतं आणि दोन बोटं पुढे गेलं की एकदम मऊ. बलूनने (आत बारीक फुगा घालून) फुगवता येते किंवा जोडणी थोडी वर सरकवून परत करता येते, नवीन हाताला हात लावायची गरज नाही. दुसरी, मुख्य शिरेला फाटे. पाटाला मध्येच दोन-तीन ठिकाणी पाणी फुटलं की शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही तसंच, रक्त आजूबाजूच्या फांद्यांत वाटलं जातं आणि टोचायची शीर रिकामी राहते. त्या फांद्या बांधून टाकणं हे छोटं काम आहे. तिसरी, शीर चांगली पण खोल, जाड हाताच्या माणसांत आणि दंडाच्या आतल्या बाजूच्या शिरेत हे हमखास. ती वर उचलून घ्यावी लागते, दंडातला असा फिस्टुला म्हणूनच बऱ्याचदा दोन टप्प्यांत करतात, तेव्हा दुसरं ऑपरेशन सांगितलं म्हणजे पहिलं फेल गेलं असं समजू नका. लवकर फेल ठरलेल्या १०० रुग्णांचे फिस्टुले असे शोधून दुरुस्त केले तर त्यातल्या ९२ जणांचं डायलिसिस त्याच फिस्टुल्यावर सुरू झालं, असं २००३ मध्ये बेथर्ड आणि सहकाऱ्यांनी छापलंय. हा आकडा मी नातेवाइकांना नेहमी सांगतो.

गोळ्यांचं विचारतात लोक. रक्त पातळ करायची क्लोपिडोग्रेल देऊन अमेरिकेत ८७७ रुग्णांवर मोठी ट्रायल झाली, २००८ मध्ये निकाल आला. गुठळीने बंद पडण्याचं प्रमाण १९.५ वरून १२.२ टक्क्यांवर आलं, पण डायलिसिसला वापरता येण्याजोगे झालेले फिस्टुले वाढले नाहीत, दोन्ही गटांत जवळपास ६० टक्के वापरण्यालायक झालेच नाहीत. म्हणजे गुठळी थांबवली तरी अरुंद जागा अरुंदच राहते. डॉक्टरांनी दिली असेल तर घ्या, मनाने सुरू करू नका, मनाने बंदही करू नका.

याच काळात बोटं गार पडतात, पांढरी पडतात, डायलिसिस चालू असताना पंजा दुखतो, असं झालं तर ते "सवय होईल" म्हणून सोडायचं नाही. पंज्याचं रक्त फिस्टुल्याकडे ओढलं जातंय, सर्जनला लगेच दाखवा, बोटाला जखम असेल तर त्याच दिवशी.

छान चालत होता आणि आता त्रास देतोय

अचानक बंद पडला असं सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा त्याने काही आठवडे आधी सांगितलेलं असतं. पंपचा स्पीड तोच असून व्हीनस प्रेशर (रक्त शरीरात परत जाताना मशीनवर दिसणारा दाब) दर वेळी थोडं थोडं चढत चाललंय, सुई काढल्यावर आधी दहा मिनिटांत थांबणारं रक्त आता वीस-पंचवीस मिनिटं थांबत नाही, हात सुजतो, थ्रिलच्या जागी नुसते ठोके लागतात, हे सगळं पुढे कुठेतरी शीर अरुंद झाल्याचं लक्षण. उलट, रक्त ओढलंच जात नाही, आर्टेरियल प्रेशर (रक्त मशीनकडे ओढतानाचा दाब) खूप मायनसमध्ये जातं, फिस्टुला पिचका वाटतो, म्हणजे येणाऱ्या बाजूला अडथळा. डायलिसिस पूर्ण वेळ होऊनही युरिया पहिल्यासारखा उतरत नसेल तरी फिस्टुल्यावर शंका घ्या.

घरी करायची एक तपासणी: हात खाली असताना फिस्टुला भरलेला दिसतो, तोच डोक्याच्या वर उचला, शीर बसायला हवी. न बसता तशीच टम्म राहिली तर पुढे अडथळा आहे. दर आठवड्याला एकदा करा, आणि थ्रिल रोज सकाळ-रात्र, दात घासताना तपासला की विसरायला होत नाही.

अडथळा सापडला तर फिस्टुलोग्राम (शिरेत औषध सोडून काढलेला एक्स-रे) करून बलूनने फुगवतात. बऱ्याच जणांना सहा महिने-वर्षात परत करावं लागतं, त्याने खचून जाऊ नका. औषध लावलेला बलूनही मिळतो, २०२० मधल्या एका ट्रायलमध्ये सहा महिन्यांनी साध्या बलूनचे ५९.५ टक्के आणि औषधवाल्याचे ८२.२ टक्के टिकले होते, पण महाग आहे, डॉक्टरांशी बोलून ठरवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं आणि काय नाही ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या, टेबलावर गेल्यावर नाही.

आणि पुन्हा पुन्हा गुठळी होतेय पण अडथळा सापडत नाहीये, तर बीपी बघा. आमच्याकडे हे सगळ्यात जास्त दिसतं. दोन डायलिसिसच्या मध्ये चार-साडेचार किलो वजन वाढवून यायचं, ते चार तासांत ओढायचं, शेवटच्या तासाला बीपी ८० पर्यंत उतरलेलं, पाय गोळे, घरी जाऊन चक्कर, झोपले, आणि सकाळी थ्रिल नाही. यावर उपाय फिस्टुल्यात नाही, मिठात आणि पाण्यात आहे, पापड-लोणचं-फरसाण बंद झालं की तहान आपोआप कमी होते. ड्राय वेटही (जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन) मधूनमधून परत ठरवायला लागतं, माणूस जेवायला लागला, अंगावर मांस चढलं तरी जुनंच वजन धरून पाणी काढत राहिले तर बीपी पडणारच. डायलिसिसच्या दिवशी सकाळी बीपीची गोळी घ्यायची का नंतर, हे डॉक्टरांना विचारा. उन्हाळ्यात जुलाब लागले, नवरात्रात नऊ दिवसांचे कडक उपास धरले, तेव्हाही बंद पडलेले फिस्टुले येतात (आणि उपासाला बटाटा-शेंगदाण्याने पोटॅशियम वाढतं ते वेगळंच). हिमोग्लोबिनची इंजेक्शनं घेऊन ते १३ च्या वर चाललं असेल तर तेही सांगा, रक्त घट्ट होतं. हे सगळं ठीक असूनही बंद पडत असेल तर गुठळी होण्याच्या आजाराच्या रक्त तपासण्या करायला सांगा.

सुई टोचण्याबद्दल आमच्याच लोकांना सांगतो. जिथे पटकन लागते, दुखत नाही, तिथेच रोज टोचलं की तिथे फुगा येतो आणि दोन फुग्यांच्या मध्ये शीर अरुंद होते. पेशंटही म्हणतात "तिथेच टोचा, तिथे दुखत नाही". दर वेळी थोडं पुढे सरकत, शिडी चढल्यासारखं टोचायचं. नवीन फिस्टुल्यावर पहिले काही दिवस बारीक, १७ गेजची सुई, कमी स्पीड, आणि युनिटमधल्या सगळ्यात अनुभवी माणसानेच टोचायचं. रक्त बाहेर पसरून हात काळानिळा झाला तर त्या दिवशी परत परत प्रयत्न नको, शिरेला आराम द्या.

घरच्यांसाठी: त्या हातात घट्ट बांगड्या, घड्याळ नको, कोपरापाशी फिस्टुला असेल तर ब्लाउजच्या बाह्या सैल शिवून घ्या, कळशी किंवा पिशवी त्या हाताला लटकवू नका, बीपी त्या हाताला मोजू देऊ नका, एसटीत लांबच्या प्रवासात हात दुमडून डोक्याखाली घेऊन झोपू नका. सुई काढल्यावर घट्ट पट्टी बांधून तशीच घरी नेतात, ती काही तासांत सैल करून काढायची असते.

थ्रिल गेलाय असं वाटलं तर पुढच्या डायलिसिसच्या दिवसाची वाट बघायची नाही. चोळायचं नाही, शेकायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा. एक-दोन दिवसांत गुठळी काढली तर बरेच फिस्टुले परत चालू होतात, जितका उशीर तितकं अवघड, आणि गुठळी काढताना मूळ अडथळाही बघितला पाहिजे नाहीतर परत तेच. फिस्टुल्यावरची कातडी पातळ, चकचकीत झाली असेल, खपली धरून पडत असेल तर तेही त्याच दिवशी दाखवायचं, कारण तिथून फुटलं तर रक्त फार जोरात जातं. तसं कधी झालंच तर टॉवेल गुंडाळत बसू नका, तो भिजत राहतो आणि खाली काय चाललंय कळत नाही. थेट त्या भोकावर, छोटी घडी घालून किंवा नुसत्या बोटाने, जोरात दाबून धरा, हात वर उचला, पेशंटला आडवं करा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा, दाब मात्र हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सोडायचा नाही.